चर्चच्या पायरीवर थांबलेल्यांसाठी

तुम्ही जन्माने कॅथलिक नाही. घरी गणपती बसतो, कुलदैवत जेजुरीला किंवा तुळजापूरला आहे. किंवा भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी बुद्धमूर्ती आहे. किंवा घरात देवाधर्माचं कुणी नावच काढत नाही. आणि तरी गेले काही महिने तुमचं मन चर्चकडे ओढ घेतंय. कुणाला ही ओढ सिस्टरांच्या शाळेत असल्यापासून असते, कुणाला हॉस्पिटलात आजाऱ्यापाशी बसलेल्या धर्मभगिनीला पाहून लागते, कुणाला नुसतं शुभवर्तमान वाचून. कशामुळे, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी वसईचा, पिढीजात कॅथलिक. शहरातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, प्रौढांना स्नानसंस्काराआधी, म्हणजे बाप्तिस्म्याआधी, शिकवणाऱ्यांमध्ये बरीच वर्षं आहे. तुमच्यासारखी माणसं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कुठे अडखळतात ते जवळून पाहत आलोय, म्हणून हे लिहितोय.

तुम्ही कॅथलिक व्हावं म्हणून हे आवाहन नाही. ज्याच्या मनात ही गोष्ट नाही त्याने खुशाल पान उलटावं. ज्याच्या मनात आहे त्याला माझं सांगणं असं, की सुरुवातीला आडव्या येणाऱ्या बहुतेक गोष्टी साध्या, व्यवहारातल्या असतात. त्यांना बिचकून मागे फिरू नका. आणि त्या टाळायच्या म्हणून घाईने, लपूनछपून काही उरकूही नका.

पहिला अडथळा असतो चर्चच्या ऑफिसचा. ईमेल केला, उत्तर नाही. फोन केला, वाजून वाजून बंद झाला. एकदा हिय्या करून गेलो तर दाराला कुलूप. एवढ्यावर लोक समजतात, ‘आपण यांना नको आहोत.’ तसं काही नसतं हो. एका धर्मग्रामात हजारो माणसं, आणि त्यांच्यासाठी फादर एक किंवा दोन. त्यातल्याच एकाच्या गळ्यात शाळेचा कारभार. वर लग्नं, मयती, आजाऱ्यांच्या भेटी. ऑफिस संध्याकाळी तास-दोन तास उघडं, आठवड्यातला एक दिवस बंद. तुमचा ईमेल बहुधा कुणी उघडलेलाच नसतो. तेव्हा स्वतः जा, आणि रविवारी जाऊ नका. रविवारी फादरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मधल्या वारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जा, तेव्हा तीस-चाळीस माणसं असतात. मिस्सा संपल्यावर थांबा आणि सरळ सांगा, “फादर, मी कॅथलिक नाही. मला ही श्रद्धा समजून घ्यायची आहे. कुणाशी बोलू?” आपली सगळी जीवनकहाणी पहिल्याच भेटीत सांगायची गरज नाही. त्या दिवशी जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. एका ठिकाणी दोनदा-तीनदा जाऊनही दाद लागली नाही तर शेजारच्या धर्मग्रामात जा. त्यात कमीपणा नाही.

मग फादर प्रश्न विचारतात. वय काय, घरी माहीत आहे का, लग्न झालंय का, इथे कुणी पाठवलं, नोकरी काय करता. पुष्कळांना हे लागतं. आपण इतक्या आतून काही सांगायला आलो आणि हा माणूस चौकशी करतोय! पण फादरांच्या जागी उभे राहून बघा. धर्मांतराची तक्रार झाली तर पोलीस आधी त्यांच्या दारात येतात. आणि कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी चर्चचाच नियम तसा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्याविषयी जो हुकूमनामा काढला त्यात कुणावरही बळजबरी करायला, कुणालाही आमिष दाखवायला स्पष्ट मनाई आहे. येणाऱ्याचा हेतू तपासा, असंही त्यात बजावलंय. म्हणून थंडपणे प्रश्न विचारणारा फादर मला काळजीपूर्वक काम करणारा वाटतो. ‘पुढच्या रविवारी या, देऊन टाकू स्नानसंस्कार’ असं कुणी म्हणालं तर मात्र सावध व्हा. तुमचं वय अठराच्या आत असेल तर थांबा. वाचा, प्रार्थना करा, मिस्साला बसा, पण निर्णय अठरानंतरच घ्या.

हेतूचं बोलायचं तर आडपडदा न ठेवता बोलू. मुलाला कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळावा म्हणून येत असाल तर येऊ नका. त्या शाळांत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतातच. आजार बरा व्हावा म्हणून येत असाल तर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला जा, सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीला किंवा श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीला जा. तिथे हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळे जातात आणि त्यासाठी कुणाला धर्म बदलावा लागत नाही. आणि मुलगी कॅथलिक आहे, तिच्याशी लग्न करायचंय, म्हणून येत असाल तर हे नीट ऐका: चर्चमध्ये लग्न लागायला दोघांनीही कॅथलिक असणं आवश्यक नसतं. बिशपांकडून रीतसर सूट मिळते आणि मिश्र विवाह चर्चमध्ये लागतो. मुलीकडचे म्हणतात म्हणून कपाळावर पाणी घेणारे आणि लग्नानंतर चर्चची पायरी न चढणारे जावई आमच्या वसईत काही कमी नाहीत. त्यात ना त्यांचं भलं झालं, ना चर्चचं.

मिस्साला बसणं हा दुसरा अडथळा. लोक कधी उठतात, कधी बसतात, कधी गुडघे टेकतात, काही कळत नाही, आणि सगळं चर्च आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. कुणी बघत नसतं. मध्यावर बसा, म्हणजे पुढच्या माणसांकडे बघून उठता-बसता येतं. अगदी मागे बसलात तर दारातल्या गर्दीपुढे काही दिसत नाही. चपला सहसा बाहेर काढायच्या नसतात. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक रांगेने पुढे जातात तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहा. देवळात प्रसादाला हात पुढे करायची तुमच्यातल्या पुष्कळांना लहानपणापासून सवय असते, आणि पुढे आलेला प्रसाद नाकारणं उद्धटपणाचं वाटतं. इथे तसं नाही. तो स्नानसंस्कार झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असतं. न घेता बसून राहणारा माणूस त्या श्रद्धेचा मान राखतो. इस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून घ्यायला मात्र कुणालाही पुढे जाता येतं.

भाषेचं काय? पुण्या-मुंबईत तुम्ही ज्या चर्चमध्ये शिराल तिथे बहुधा इंग्रजी मिस्सा चालू असेल, आणि इंग्रजीत प्रार्थना करणं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटेल. मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता असते, ते विचारा. वसई धर्मप्रांतात तर रोजची पूजाच मराठीत चालते. एखादा रविवार सवड काढून वसईला या, रमेदीला किंवा पापडीला. आपल्याच बोलीत हजारभर माणसं गाताना ऐका. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं असं तुमच्या आत्याला वाटत असेल तर तिलाही घेऊन या. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं लाल लुगडं तिने पाहावं. आणि तिला हेही सांगा की फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी.

नाव बदलावं लागतं का, हा प्रश्न पहिल्या पाचांत असतोच. नाही. चर्चचा नियम एवढंच म्हणतो की ख्रिस्ती भावनेला विसंगत असं नाव नसावं. संतोष, आनंद, करुणा ही नावं चालतात, आमच्याकडे आहेतच. एखाद्या संताचं नाव जोडून घ्यायची रीत आहे, ते स्नानसंस्काराच्या नोंदीत राहतं. आधार कार्डावर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. आणि स्नानसंस्काराला पैसे पडत नाहीत. स्वखुशीने दान दिलं तर दिलं. कुणी रक्कम सांगितली तर तिथून उठा.

मराठी वाचकाच्या मनातला आणखी एक गोंधळ इथेच सोडवतो. आपल्याकडे ख्रिस्ती धर्म म्हटला की रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई आठवतात. ही सगळी मोठी माणसं, पण कॅथलिक नव्हेत. ती प्रॉटेस्टंट परंपरेतली. पुण्यात पंचहौदाचं चर्च प्रसिद्ध म्हणून लोक तिकडे जातात. तेही कॅथलिक नाही, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे. कॅथलिक चर्च हवं असेल तर नाना पेठेतलं सिटी चर्च आहे, जे सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभं राहिलं. बायबल घेतानाही बघून घ्या: प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलात ७३. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ ग्रंथालयात सहज मिळतं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. तसं करणारे लेवीय पुस्तकात अडकतात आणि बायबल कपाटात जातं. मार्कचं शुभवर्तमान चारांत सगळ्यात छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं. तिथून सुरू करा.

तुमचा स्नानसंस्कार आधी दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल तर तो पुन्हा होत नाही. तेवढा दाखला शोधून आणा. तुमची वाट निराळी आणि बरीच आखूड असते.

आता घर. खरी कसोटी इथे लागते, आणि इथे लोक दोन टोकं गाठतात. एक टोक म्हणजे पहिल्याच आठवड्यात आईला जेवणाच्या ताटावर सांगायचं, ‘मी आता ख्रिस्ती होणार.’ दुसरं म्हणजे वर्षभर ‘क्लासला जातो’ म्हणून सांगत राहायचं आणि स्नानसंस्काराचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलवरून घरी पोचू द्यायचा. दुसरं अधिक वाईट. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना रेव्हरंड टिळकांच्या बाप्तिस्म्याचं प्रकरण आठवत असेल. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं, आणि त्या घरावर काय कोसळलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे दोघं एकत्र आले, काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पण मधली वर्षं काही परत मिळाली नाहीत. टिळकांविषयी मला आदर आहे, तरी ती रीत मी कुणाला घ्यायला सांगणार नाही.

म्हणून घरी सांगा, पण टप्प्याटप्प्याने आणि खरं सांगा. ‘मी चर्चमध्ये जातोय, समजून घेतोय, अजून काही ठरवलेलं नाही.’ सुरुवातीला हेच सत्य असतं. आईला पहिली भीती देवाची नसतेच. तिला वाटतं, हा आता दिवाळीला येणार नाही, आपल्या हातचं खाणार नाही, आपण गेल्यावर पाणी द्यायला कुणी उरणार नाही. या भीतीला बायबलमधल्या वचनांनी उत्तर देऊ नका. दिवाळीला वेळेवर घरी जा. फराळाला बसा. आजारपणात दवाखान्यात रात्री तुम्हीच थांबा. वादात जिंकणारे मी बरेच पाहिले. त्यांचं घर मात्र त्यांना दुरावलं.

गणपतीत काय करायचं, हे मला दरवर्षी श्रावण लागला की विचारतात. कॅथलिक झाल्यावर दुसऱ्या देवाची पूजा करता येत नाही, हे मी गोलगोल बोलून झाकणार नाही. आरतीचं तबक हातात घ्यायचं नाही. पण घरी आलेल्या पाहुण्यांचं चहापाणी करायला, मोदक वळायला, मखर उभं करायला, वडिलांना धरून विसर्जनाला न्यायला काय हरकत आहे? प्रसादाचं विचाराल तर नैवेद्य दाखवलेलं अन्न खावं की नाही हा प्रश्न करिंथच्या मंडळीने पहिल्या शतकातच पौलाला विचारला होता. करिंथकरांस पहिल्या पत्रातले आठवा आणि दहावा हे अध्याय वाचा. तिथे सरसकट हो नाही आणि सरसकट नाहीही नाही. दुसऱ्याच्या मनाचा विचार करायला सांगितलंय. हे अध्याय वाचून आपल्या फादरांशी बोला, आणि दोन फादरांनी दोन उत्तरं दिली तर गडबडून जाऊ नका. आणि हे सगळं स्नानसंस्कार झाल्यानंतरचं. अजून तुम्ही शोधत आहात. घरातल्या देव्हाऱ्यातले देव उचलून ठेवायचा तुम्हाला काही अधिकार नाही. तो देव्हारा आईचा आहे.

पितरांचंही तसंच. श्राद्ध तुम्ही करणार नाही, पण मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं कॅथलिक चर्चला परकं नाही. २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस असतो. आमच्याकडे स्मशानभूमीत थडग्या-थडग्यावर मेणबत्त्या आणि झेंडू असतात. आजोबांचं नाव घेऊन मिस्सा सांगता येते, मग आजोबा जन्मभर वारकरी का असेनात. ज्या दिवशी घरच्यांना हे कळतं त्या दिवशी निम्मा ताण उतरतो, असं मी पाहिलंय.

घरी स्वतः सांगण्याचं एक उदाहरण देतो. एडिथ स्टाइन ही जर्मन तत्त्वचिंतक ज्यू घरातली. १९२२ च्या १ जानेवारीला तिचा स्नानसंस्कार झाला. ती घरी गेली, आईच्या पुढ्यात बसून स्वतः सांगितलं, आणि त्यानंतरही घरी असताना आईबरोबर सिनेगॉगला जात राहिली. आईला ते दुःख शेवटपर्यंत राहिलं. सगळं गोड होतं, असं मी म्हणत नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीती? पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा प्यायल्याबद्दल लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचं प्रकरण, झालं होतं, प्रायश्चित्ताच्या वाटाघाटी चालल्या होत्या. त्या मानाने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं तुम्ही सोसाल.

कायद्याचं मात्र हलक्यात घेऊ नका, आणि स्नानसंस्काराच्या आधी विचारा, नंतर नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने तुम्हाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलंय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा मूलभूत हक्क नाही. स्वतःच्या मनाने धर्म स्वीकारणं ही निराळी गोष्ट. पण बऱ्याच राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांत जिल्हाधिकाऱ्यांना आगाऊ कळवणं किंवा परवानगी घेणं येतं. बडोद्याच्या, इंदूरच्या मराठी वाचकांना हे आजच लागू आहे. हे कायदे बदलतात, न्यायालयात अडकतात, म्हणून महाराष्ट्रातल्यांनीही त्या-त्या वेळचा नियम वकिलाकडून समजून घ्यावा. फादर वकील नसतात.

अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र असणाऱ्यांनी तर दोनदा विचारावं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो, आणि त्यासोबत आरक्षणही. अनुसूचित जमातींचं तसं नाही. हा नियम अन्यायाचा आहे असं माझं मत. त्याविरुद्ध चर्च आणि दलित ख्रिस्ती संघटना कित्येक वर्षं झगडताहेत. पण आज नियम आहे, आणि कागदावर हिंदू राहून सवलत घ्यायची नि रविवारी मिस्साला जायचं हा मार्ग मी सुचवणार नाही. तुमच्या मुलांचं शिक्षण त्यावर उभं असेल तर थांबणं हे पाप नाही. फादरांशी हे मोकळेपणाने बोला.

वारसाहक्काबद्दल लोकांचा समज चुकीचा असतो. हिंदू वारसा कायद्यात धर्म बदललेल्याचा स्वतःचा हक्क त्या कारणाने जात नाही. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत हक्क नसतो, ती मुलं हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. आणि लग्न झालेलं असेल तर तुमचं धर्मांतर हे हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जोडीदाराला घटस्फोट मागायचं कारण ठरू शकतं. बायकोला न सांगता पुढे जाऊ पाहणाऱ्या नवऱ्यांना आमच्या शिकवणीच्या गटात मी हे आधी सांगतो. जोडीदार धर्म बदलणार नसला तरी तुम्ही कॅथलिक होऊ शकता, आणि तुमचं लग्न चर्चच्याही नजरेत लग्नच राहतं. पूर्वी घटस्फोट होऊन दुसरं लग्न झालं असेल तर प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडे जातं आणि वेळ लागतो. ती माहिती पहिल्या महिन्यात द्या. इस्टरच्या आदल्या आठवड्यात दिलीत तर सगळंच अडेल.

वेळ किती लागतो? साधारण वर्षभर, कधी जास्त. हा उशीर तुम्हाला लटकत ठेवण्यासाठी नसतो. पहिल्या शतकांत प्रौढांना अशीच लांब तयारी करावी लागे, ती पद्धत चर्चने १९७२ साली नव्या विधीने पुन्हा आणली. आधी नुसती विचारपूस, मग एका छोट्या विधीने तुम्ही दीक्षार्थी होता, मग शिकणं, मग प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपांपुढे नाव, आणि इस्टरच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि पहिला ख्रिस्तप्रसाद. मधल्या कोणत्याही टप्प्यावर ‘नाही, हे माझं नाही’ म्हणून उठून जाता येतं. कुणी रागावत नाही. रागावलं तर चूक त्याची. फ्रेंच लेखिका सिमोन वेल अखेरच्या वर्षांत फादरांशी दीर्घ पत्रव्यवहार करत राहिली, मिस्साला बसत राहिली, पण चर्चच्या दाराबाहेरच थांबायचं तिने ठरवलं. तिचं लिखाण आज कॅथलिक आवडीने वाचतात. उलट, दीक्षार्थी असतानाच कुणी वारलं तर चर्च त्याला आपल्यातलाच मानून त्याचा अंत्यविधी करतं. म्हणजे पाणी डोक्यावर पडायच्या आधीच तुम्ही आमचे झालेले असता.

या वर्षात कुणीतरी गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं तिथलं धर्मन्यायालय, तुमच्या तोंडावर फेकेलच. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, ते चाललं. त्याचं समर्थन करू नका. ‘तेव्हा सगळेच तसे होते’ असंही म्हणू नका. अ. का. प्रियोळकरांचं १९६१ सालचं पुस्तक मिळवून वाचा. आपण कुठल्या घरात जातोय ते माहीत असलेलं बरं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २००० मध्ये चर्चच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. मुलांवरच्या अत्याचारांची आणि ते झाकणाऱ्या बिशपांची गोष्ट तर अगदी अलीकडची. तीही वाचा. हे वाचूनही पाय तिकडेच वळत असतील तर वळू द्या.

जातही इथे भेटेल. आमच्याकडे अजून लग्नं समाजासमाजात ठरतात. सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी, ज्याचं त्याचं. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचं धोरण काढताना चर्चमधला जातिभेद उघड मान्य केला. तुम्हाला कुणी ‘तुमचे मूळचे कुठले?’ असं विचारेल आणि प्रश्नाचा रोख तुम्हाला बरोबर कळेल. त्याचं वाईट वाटेल. वाटू दे, आणि ज्या धर्मपालकांनी स्नानसंस्कारात तुमच्यासोबत उभं राहायचं त्यांना ते सांगा. धर्मपालक निवडताना म्हणूनच मोठ्या घरचा माणूस शोधू नका. जो तुमचा फोन उचलतो, त्याला विचारा. इस्टर झाल्यावर गट संपतो, शनिवारची बैठक संपते, आणि जूनच्या पहिल्या पावसात मिस्साला जायचा कंटाळा येतो. तेव्हा दार वाजवणारा कुणीतरी लागतो.

आता दोन शब्द आम्हा जन्मजात कॅथलिकांसाठी, कारण हे पान आमच्यातलेही वाचतील. शेजारी बसलेला अनोळखी माणूस प्रार्थनेत गप्प असेल तर पुस्तिका त्याच्यापुढे उघडी करून धरा, आणि बोटाने ओळ दाखवा. बाहेर आल्यावर त्याचं नाव विचारा. जात, गाव आणि ‘का आलात’ हे विचारू नका. घरी चहाला बोलवा, पण त्याच्या घरच्यांना चुकीचं वाटेल असा एकही फोटो कुठे टाकू नका. आणि फादर, एक विनंती: ऑफिसच्या दारावर वेळेची पाटी मराठीतही लावा. सोबत, नवीन माणसाने कुणाला भेटायचं, तेही लिहा.